ऑपरेटरचा सुपरवायझर झालात? पहिले तीन महिने कसे काढायचे, सविस्तर

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, सुपरवायझर कसा बनतो तर जो ऑपरेटर सगळ्यात जास्त मशीन चालवू शकतो, कमी सुट्ट्या घेतो आणि साहेबाशी नीट बोलतो त्याला एक दिवस केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात की उद्यापासून लाइन तू बघ. शर्टाचा रंग बदलतो, कुठे हेल्मेटचा बदलतो, आणि ट्रेनिंग म्हणाल तर तेवढंच. कालपर्यंत ज्यांच्यासोबत कँटीनला एका टेबलवर बसायचो त्यांनाच आज टार्गेट विचारायचं. मोठ्या कंपन्यांमधे दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग असतं, हॉटेलमधे जेवण बिवण, पण त्यात शिकवलेलं थर्ड शिफ्टला रात्री तीन वाजता किती उपयोगी पडतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीय.

हा लेख मशीन शॉप, असेंब्ली, प्रेस शॉप असल्या ठिकाणी नव्याने सुपरवायझर झालेल्यांसाठी आहे. ऑफिसवाल्यांनाही थोडा लागू पडेल. माझं म्हणणं थोडक्यात असं की सुपरवायझरच्या हातात खरं तर तीनच गोष्टी वाटायला असतात, कुणाला कुठलं मशीन, कुणाला कधी सुट्टी आणि कुणाला ओव्हरटाइम. या तीन गोष्टी तुम्ही कशा वाटता ते पोरं रोज बघत असतात आणि त्यावरूनच ठरवतात की तुमचं ऐकायचं की नाही. भाषण, मोटिव्हेशन, आवाज चढवणं सगळं नंतर.

हो म्हणायच्या आधी

पहिलं काम म्हणजे लेटर वाचा, आणि लेटर नसेल तर मागा. बऱ्याच जागी "ॲक्टिंग" म्हणून सहा महिने वर्षभर तोंडी काम करवून घेतात, पगार तोच. दुसरं म्हणजे पैशाचा हिशोब आधी करा कारण स्टाफ ग्रेडमधे गेलं की बहुतेक कंपन्यांमधे ओव्हरटाइम बंद होतो, आणि महिन्याला चांगला ओव्हरटाइम करणाऱ्या ऑपरेटरच्या हातात येणारे पैसे प्रमोशननंतर चक्क कमी होऊ शकतात. मागच्या सहा पगार स्लिपा काढा, सरासरी काढा, नवीन ऑफरशेजारी ठेवा. तेव्हाच बोलायची वेळ असते, नंतर कुणी ऐकत नाही.

अजून एक मुद्दा असा की कायद्यात कामगार कोण याची व्याख्या आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरी काम करणारा आणि महिना १०,००० रुपयांच्या वर पगार असलेला माणूस कामगार धरत नव्हते, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा १८,००० झाला. म्हणजे युनियनचं आणि कामगार म्हणून मिळणारं संरक्षण तुमच्यामागे राहील की नाही हा प्रश्न येतो. नुसत्या हुद्द्याच्या नावावर मात्र ते ठरत नाही, प्रत्यक्षात तुम्ही काय काम करता ते कोर्ट बघतं. घाबरवायला सांगत नाहीये, माहिती असलेली बरी म्हणून.

मग साहेबाला तीन प्रश्न सरळ विचारा. क्वालिटीचा प्रॉब्लेम दिसला तर मी लाइन थांबवू शकतो का? किती दिवसांची रजा मी स्वतः मंजूर करू शकतो? ओव्हरटाइमची यादी कोण करणार, मी का तुम्ही? उत्तर "बघू, तू कर सुरू" असं येईल बऱ्याचदा. तरी विचारा. आणि मिळालेली उत्तरं त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमधे किंवा मेसेजमधे परत पाठवा, "सर आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे एक दिवसापर्यंतची रजा मी बघेन" वगैरे. उद्या कुणी उलटलं तर कामाला येतं.

ज्याला प्रमोशन मिळालं नाही तो

प्रत्येक लाइनवर एक माणूस असतोच जो तुमच्यापेक्षा सीनिअर आहे, ज्याला वाटत होतं हे आपल्याला मिळणार, आणि खरं सांगायचं तर काही वेळा त्याचं चुकत पण नसतं. नोटीस बोर्डावर कागद लागायच्या आधी त्याच्याकडे जा. टपरीवर चहाला घेऊन जा, लाइनवर नको. सॉरी म्हणू नका, त्याने तो अजून चिडतो, आणि "तुमच्यामुळेच तर मी" असलं गोड बोलणं तर अजिबात नको. साधं बोला:

"काका, मला लाइन दिलीय. तुम्हाला राग असेल तर असू द्या, तो मी काढू शकत नाही. पण फर्स्ट पीस अप्रूव्हल आणि नवीन पोरांना शिकवणं हे मला तुमच्याकडे द्यायचंय, साहेबांशी बोलून घेतो. चालेल का विचार करून सांगा."

तो तिथल्या तिथे हो म्हणणार नाही. काही दिवस जाऊ द्या. मुद्दा असा की त्याला नुसता मान देऊन भागत नाही, खरं काम आणि त्या कामाचा अधिकार द्यावा लागतो. फर्स्ट पीस (सेटिंगनंतर निघालेला पहिला नग, तो पास झाला की मगच पुढचे काढायचे) त्याने रिजेक्ट केला तर तुम्ही टार्गेटच्या घाईत तो पास करायचा नाही, केलात तर त्या दिवशीच सगळं संपलं.

हाक मारण्याचं पण सांगतो. काल ज्यांना काका, मामा, अण्णा म्हणत होतात त्यांना आज अचानक आडनावाने हाक मारू नका, आणि बरोबरीची पोरं तुम्हाला नावाने बोलवत असतील तर बोलवू द्या. "सर म्हणा" असं सांगणारा सुपरवायझर एकदा कँटीनमधे चेष्टेचा विषय झाला की झालाच.

पहिले दोन आठवडे मशीनला हात लावायचा नाही

हे सगळ्यात अवघड. तुम्ही चांगले ऑपरेटर आहात म्हणूनच इथे आलात, आणि कुठे लाइन अडकली की हात शिवशिवतात, दोन मिनिटांत ऑफसेट (टूलच्या मापातली बारीक दुरुस्ती) देऊन मशीन चालू करून देता आणि बरं वाटतं. पण तुम्ही तीन नंबरच्या मशीनवर डोकं घालून बसलात की बाकीच्या लाइनकडे कुणाचंच लक्ष नाही, आणि त्या ऑपरेटरला कळतं की अडलं की हाक मारायची, शिकायची गरज नाही.

टोयोटाचे ताइइची ओहनो यांच्याबद्दल सांगतात की ते नवीन इंजिनिअरला शॉप फ्लोअरवर खडूने गोल काढून द्यायचे आणि म्हणायचे इथे उभा राहा आणि बघ. तासन्तास. आपल्याकडे कुणी खडूचा गोल काढणार नाही पण रोज अर्धा तास एका जागी उभं राहून नुसतं बघायला काय हरकत आहे, खिशात छोटी वही ठेवा. काय दिसतं? कोण मटेरियल आणायला किती वेळा उठतो, गेज (माप तपासायचं साधन) कुणाकडे अडकलेला असतो, कुठली ट्रॉली कायम रस्त्यात, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) कागदावर ४५ सेकंद आणि प्रत्यक्षात ६०, कारण जॉब (मशीनवर लावायचा नग) उचलायला माणसाला मागे वळावं लागतं. आठ वर्षं त्याच लाइनवर काम करून पण हे दिसलेलं नसतं कारण तेव्हा आपण आपल्याच मशीनसमोर उभे होतो.

याच दोन आठवड्यांत तीनही शिफ्ट बघून घ्या. आणि लाइनवरच्या प्रत्येक माणसाशी दहा मिनिटं वेगळं बोला. इंटरव्ह्यू नाही करायचा. गाव कुठलं, राहायला कुठे, बस कुठून पकडतो, कुठली मशीन येतात, कुठल्या मशीनचा कंटाळा येतो, कंबर पाठ दुखते का, वर्षात सुट्टी कधी लागतेच लागते. शेवटचा प्रश्न महत्वाचा आहे, त्याची उत्तरं लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

स्किल मॅट्रिक्स खरा भरा

बोर्डावर एक तक्ता असतो, नावं उभी, मशीन आडवी, आणि प्रत्येक चौकटीत गोल, त्याचा एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणाच्या देखरेखीखाली चालवतो, तीन म्हणजे एकटा चालवतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांना आयएटीएफ १६९४९ (या धंद्यातलं क्वालिटीचं स्टँडर्ड) च्या ऑडिटला लोकांच्या कौशल्याची नोंद दाखवावी लागते म्हणून हा असतोच. आणि बहुतेक ठिकाणी ऑडिटच्या आदल्या दिवशी स्केच पेनाने गोल भरले जातात, त्यात सोडून गेलेल्या पोरांची नावं पण असतात.

तो फाडा, म्हणजे मनात फाडा, आणि वहीत नवीन बनवा. समजा १४ माणसं आणि ९ मशीन आहेत. प्रत्येक मशीनखाली बघा की तीन किंवा चार भागवाले किती. जिथे एकच नाव निघेल ते तुमचं सगळ्यात धोक्याचं मशीन, तो माणूस आजारी पडला की तुमचं डिस्पॅच पडलं. आणि त्या माणसाला पण ते माहिती असतं बरं का, म्हणून तो इतरांना नीट शिकवत नाही, त्याच्या जागी आपण असतो तर आपण पण शिकवलं नसतं. त्याला दुसरं काहीतरी द्यावं लागेल, सेटिंगचं ट्रेनिंग, प्रोग्रामिंग, पुढचं मशीन. तीन महिन्यांचं ध्येय एवढंच ठेवा की प्रत्येक मशीनला एकट्याने चालवू शकणारी कमीत कमी तीन माणसं, शिफ्टला एक तरी. बाकी ध्येयं साहेब देतीलच.

शिकवायचं कसं

"याच्या शेजारी उभा राहा आणि बघ" हे शिकवणं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमधे नवखी माणसं भरली तेव्हा सुपरवायझर लोकांना शिकवायला एक कार्यक्रम काढला होता, टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा, युद्धानंतर तो जपानमधे गेला आणि तिथे मुरला. त्यातली शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे आणि आजही तिच्याइतकं सोपं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आधी शिकणाऱ्याला तयार करा, म्हणजे त्याला काय येतं ते विचारा, धाकधूक काढा, योग्य जागी उभा करा (समोर नाही, शेजारी, नाहीतर त्याला सगळं उलटं दिसतं). मग काम करून दाखवा, एकदा नुसतं, एकदा महत्वाच्या खुणा सांगत, एकदा त्या का आहेत ते सांगत. मग त्याला करू द्या आणि करता करता त्याच्याच तोंडून खुणा आणि कारणं वदवून घ्या. शेवटी त्याला एकटा सोडा, अडला तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून, आणि आधी वारंवार मग कमी कमी वेळा जाऊन बघा.

यात "का" सांगणं सगळेच गाळतात. साधं उदाहरण घ्या, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनच्या चकमधे, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागात, जॉब लावणं. पायरी: जॉ (चकचे जबडे) आणि बटिंग फेस (जॉब जिथे टेकतो ती बाजू) साफ कर, जॉब टेकव, क्लॅम्प कर. खूण: टेकवल्यावर अंगठ्याने दाबून बघ जॉब हलतो का. का: खाली एक बारीक चिप राहिली तर जॉब तिरका बसतो, फेस रनआउट जातो (म्हणजे फिरताना तोंड डगमगतं) आणि ते डोळ्यांना दिसत नाही, थेट असेंब्लीत कळतं. हे कारण माहिती असलेला पोरगा रात्री झोपेत पण अंगठा दाबतो. तसंच फिरणाऱ्या ड्रिलजवळ हातमोजे का घालायचे नाहीत हे सांगा, मोजा गुंडाळला की हात ओढला जातो, नाहीतर पोरांना वाटतं मोजा घातला म्हणजे सेफ्टी झाली.

पद्धतीतलं एक वाक्य आहे की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. नवीन पोरगा चुकला की "याला अक्कल नाही" म्हणायच्या आधी हे आठवावं.

मशीन, सुट्टी, ओव्हरटाइम

आता खरा मामला. मशीनचं सोपं आहे. प्रत्येक लाइनवर एखादं मशीन असतं जे कुणालाच नको, गरम, तेलकट, वजनाचे जॉब, आणि ते कायम ट्रेनीला किंवा कॉन्ट्रॅक्टच्या पोराला दिलेलं असतं. रोटेशन लावा आठवड्याचं, लिहून बोर्डावर, आणि त्यात तुमच्या जिगरी दोस्ताचं नाव पहिल्याच आठवड्यात त्या मशीनवर येऊ द्या. बस. याच्यावर भाषण द्यायची गरज नाही, सगळ्यांना दिसतं. कंबरेचा त्रास वगैरे खरा असेल तर कंपनीच्या डॉक्टरचा कागद घेऊन त्याला वगळा, तोंडी नाही.

सुट्टीचं अवघड. आपल्याकडे सुट्ट्या कॅलेंडरवर नसतात, गावात असतात. कोकणातली पोरं गणपतीला जाणारच, तुम्ही रजा नाकारली तरी जाणार, मग आईच्या आजारपणाचं कारण येईल. मराठवाडा विदर्भातल्यांना जूनमधे पेरणी, ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीन काढणी. वारीला जाणारा एखादा असतो, त्याला आषाढीला अडवू नका, शाप लागतो (गंमत नाही, दुसऱ्या दिवसापासून अख्खी लाइन तुमच्याकडे तसंच बघते). यूपी बिहारची पोरं छठला जातात, ती दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते म्हणजे त्यांची सुट्टी दिवाळी संपल्यावर सुरू होते, आणि होळीला परत. मे महिन्यात लग्नं. शिवाय प्रत्येकाची गावची जत्रा.

हे सगळं तुम्ही त्या दहा मिनिटांच्या बोलण्यात लिहून घेतलंय ना, आता एका मोठ्या कागदावर वर्षाचं कॅलेंडर काढा आणि भरा. लगेच दिसतं की जत्रा आणि पेरण्या आपोआप वेगवेगळ्या पडतात, भांडण फक्त गणपती, दिवाळी आणि मेच्या दोन आठवड्यांचं आहे. त्यासाठी नियम करा आणि ते सगळ्यांसमोर करा:

एका दिवशी किती जण बाहेर चालतील तो आकडा आधी ठरवायचा, १४ जणांत समजा तीन. त्यातली एक जागा कायम रिकामी ठेवायची, मयत, दवाखाना, बाळंतपण यासाठी, ती नेहमीच्या रजेला द्यायची नाही. मागच्या दिवाळीला ज्याने रजा घेतली तो या दिवाळीला यादीत खाली. अमुक तारखेपर्यंत नाव द्यायचं, नंतर आलेल्याला जागा उरली तर. आपसात बदली करायची असेल तर करा पण दोघांनी येऊन सांगायचं आणि मशीन दोघांना येत असलं पाहिजे.

पहिल्या वर्षी कुरकुर होणार. कुणीतरी येऊन हळूच म्हणेल "माझं बघ ना जरा". तिथे तुमची परीक्षा आहे. नाही म्हणताना "साहेब ऐकत नाहीत" असं कधी म्हणू नका, कागद दाखवा. आणि स्वतःची रजा पण त्याच कागदावर लिहा.

ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायदा आहे, फॅक्टरी ॲक्ट १९४८ मधे होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नवीन लेबर कोडमधेही दुप्पटच आहे. आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलं की तो ओव्हरटाइम. रोजचे तास आणि तिमाहीला किती ओव्हरटाइम चालतो हे राज्याच्या नियमांप्रमाणे बदलतं, ते एचआरकडून लेखी घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. अप्रेंटिस पोरांना ओव्हरटाइमला थांबवायचं नाही, अप्रेंटिस कायद्यात त्याला अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची परवानगी लागते, "पोरगा स्वतःच थांबतो म्हणाला" हे उत्तर चालत नाही.

यादी फिरती ठेवा. ज्याला नको त्याने नाही म्हणायचं पण त्याचा नंबर गेला, पुन्हा शेवटी येणार. इथे दोन प्रकारची माणसं असतात, एकाला घरचं कर्ज आहे म्हणून रोज ओव्हरटाइम हवा आणि एकाला अजिबात नको, आणि सुपरवायझर सोय म्हणून रोज पहिल्यालाच थांबवतो. महिन्याने तो दमतो, मग चुका होतात, बोट जातं. आणि कंपनी म्हणाली की यावेळी पैसे नाही, सुट्टी देऊ बदल्यात, तर ते तुमच्या तोंडून पोरांना सांगू नका. एचआरला नोटीस लावायला सांगा. कंपनीच्या नावाने तोंडी शब्द द्यायचा नाही हा नियम पगारवाढ, परमनंट करणं, बोनस सगळ्याला लागू, विशेषतः कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना "तुला परमनंट करतो" असं सांगून राबवून घेणारे सुपरवायझर मी बघितलेत, त्यांच्यावर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही, साहेब पण नाही.

शिफ्ट देताना घेताना

अर्ध्या भानगडी शिफ्ट बदलताना होतात. रजिस्टरमधे "सर्व ओके" लिहून बस पकडायला पळतात. असं लिहा: "मशीन ३, दीड वाजल्यापासून बोअर वरच्या बाजूला सरकतोय, दोनदा ऑफसेट दिला, इन्सर्टवर २०० पीस झालेत, तुमचे पहिले पाच पीस पूर्ण चेक करा. लाल बिनमधे १२ पीस, क्वालिटीने अजून बघितलेले नाहीत, हलवू नका." (बोअर म्हणजे आतलं भोक, इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक.) एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. सुरुवातीला तुम्हाला स्वतःला लिहून दाखवावं लागेल, आणि पुढच्या शिफ्टचा सुपरवायझर काही लिहीत नसेल तर त्याच्याशी भांडू नका, तुमचंच रजिस्टर त्याला उपयोगी पडलं की तोही लिहायला लागतो. बहुतेक वेळा.

शिफ्टच्या सुरुवातीची मीटिंग पाच मिनिटं, उभ्याने. काल किती झालं, आज किती, कुठल्या मशीनला काय प्रॉब्लेम, सेफ्टीचं एक वाक्य, कुणाला काही बोलायचंय का. कालच्या चुकीचं पोस्टमॉर्टम इथे करायचं नाही.

खराब पीस घेऊन कोणी आला तर

पहिली प्रतिक्रिया जपा. ऑपरेटर स्वतःहून येऊन म्हणाला की बोअर मोठा झालाय, चार पीस गेलेत, आणि तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, तर पुढचे चार पीस स्क्रॅपच्या पिंपात तळाशी सापडतील किंवा सापडणारच नाहीत, कस्टमरला सापडतील. "बरं झालं सांगितलंस, मशीन थांबव, मागचे किती संशयाचे आहेत ते वेगळे करू" एवढंच बोला. कारण नंतर शोधा, निवांत. कुणी केलं हा प्रश्न शेवटी येतो आणि बऱ्याचदा तोवर कळतं की टूलच्या लाइफचा आकडाच चुकीचा लावला होता.

तसंच वरच्या दिशेने. आज १०० पीस कमी पडणार हे तुम्हाला सकाळी अकरालाच कळलेलं असतं. अकरालाच सांगा, आणि सोबत पर्याय द्या, म्हणजे अमुक मशीनवर सेकंड शिफ्टला माणूस मिळाला तर ६० भरून निघतील, ४० उद्या. तीन वाजता गाडी लागल्यावर सांगितलं तर साहेब ओरडणार, आणि तेव्हा त्यांचं बरोबर असतं.

उशिरा येणारा, उलट बोलणारा

टीडब्ल्यूआयमधे माणसांच्या प्रश्नांना पण चार पायऱ्या आहेत, माहिती गोळा करा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. ऐकायला काहीच नाही असं वाटतं पण आपण सगळे थेट तिसऱ्यावर उडी मारतो. एक पोरगा महिन्यात तिसऱ्यांदा उशिरा आला. आधी गेटचं पंचिंग बघा, खरंच तीनदा का, कुठल्या शिफ्टला. फक्त फर्स्ट शिफ्टला उशीर होत असेल तर बसचा स्टॉप विचारा. रूम बदललीय, आता बस पावणेसहाला जाते आणि तो स्टॉपवर सहाला पोचतो असं काहीतरी निघतं. मग एकट्याला बाजूला घेऊन:

"या महिन्यात तीन वेळा उशीर झालाय, तारखा या. काय अडचण आहे?" आणि गप्प बसा. त्याला बोलू द्या. "उद्यापासून काय करणार?" हे त्याच्याच तोंडून येऊ द्या, वहीत लिहा, त्याला दाखवा. दोन आठवड्यांनी परत बघा, सुधारला असेल तर तसं सांगा पण, फक्त बिघडलं की बोलवायचं असं नको.

तरी नाही सुधारला तर एचआर. वॉर्निंग लेटर, चौकशी, सस्पेन्शन हे तुमचं काम नाही, त्याची पद्धत ठरलेली असते. आणि रागात "उद्यापासून येऊ नको" हे वाक्य कधीच तोंडातून काढू नका. ते तोंडी कामावरून काढणं धरलं जाऊ शकतं आणि लेबर कोर्टात तुमचं नाव घेऊन ते वाक्य येतं.

काही गोष्टी तुम्ही मिटवायच्याच नसतात. लाइनवरच्या बाईने कुणाच्या वागण्याची तक्रार सांगितली तर "मी बोलतो त्याच्याशी" म्हणून आपसात मिटवायला जाऊ नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते आणि नाव बाहेर जाऊ द्यायचं नसतं. समितीत कोण आहेत ते तिला सांगा, लिहायला मदत लागली तर समितीच करते, आणि तुम्ही चहाच्या टपरीवर तोंड बंद ठेवा. अपघाताचंही तसंच. आधी माणूस, मग मशीन बंद, मग लगेच कळवणं. छोटं आहे म्हणून दाबायला जाऊ नका, ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) फायदा त्याला अपघाताची नोंद असेल तरच नीट मिळतो. रिपोर्टमधे "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" लिहायच्या आधी मशीनचा गार्ड (संरक्षक झाकण) कुणी काढलेला होता आणि किती दिवसांपासून ते लिहा.

बारीकसारीक पण डोकेदुखी

व्हॉट्सॲप ग्रुप. कामाचा वेगळा, गुड मॉर्निंगचा वेगळा, आणि कामाच्या ग्रुपवर कुणाला झापायचं नाही, स्क्रीनशॉट फिरतात. पार्टचे फोटो टाकायचे नाहीत, कस्टमरच्या ड्रॉइंगचे तर नाहीच. गुरुवारी (पुण्याकडे बऱ्याच ठिकाणी गुरुवारची सुट्टी) मेसेज टाकून "उद्या कोण येणार" विचारत बसू नका, ते बुधवारी विचारायचं असतं.

भिशी. तुमच्या लाइनवर भिशी चालू असेल तर चालू द्या पण तुम्ही चालवू नका, आणि उसने पैसे शक्यतो देऊ नका घेऊ तर नकाच. ज्याच्याकडून पाच हजार घेतलेत त्याला त्या गरम मशीनवर टाकताना हात अडखळतो, आणि नाही अडखळला तरी बाकीच्यांना वाटतं की अडखळेल.

दोस्ती तोडायची गरज नाही. चहाला जा, लग्नाला जा, कँटीनमधे त्याच टेबलवर बसा, फक्त कधी कधी दुसऱ्या टेबलवर पण बसा. पार्टीत कंपनीतल्या कुणाबद्दल बोलायचं नाही, तुमचं वाक्य आता पूर्वीसारखं सहज राहिलेलं नाही, सकाळी ते "सुपरवायझर म्हणत होता" म्हणून फिरतं.

तीन महिने झाले की

दोन दिवस रजा टाका, त्याच कॅलेंडरवर नाव लिहून. लाइन कुणाकडे देताय ते आधीच्या मीटिंगमधे सगळ्यांसमोर सांगा, शक्यतो त्या सीनिअर काकांकडे, आणि त्यांना लाइन थांबवायचा अधिकार आहे हे पण सांगा. फोन चालू ठेवा पण स्वतःहून लावू नका. कितीही चुळबुळ झाली तरी. दोन दिवसांत जे फोन येतील ते लिहून ठेवा, कुणाचा आला, कशासाठी, त्याला उत्तर का माहिती नव्हतं. अमुक गेज कुठे आहे, तमुक मशीनचा अलार्म कसा घालवायचा, याला सुट्टी देऊ का. ती यादी पुढच्या तीन महिन्यांच्या कामाला लावा.